रात्रीचा खेळ, दिवसाची पाळी

चेन्नई शहराच्या नैर्ऋत्येस सुमारे पन्नास किलोमीटरवर ओरगडम हे गाव आहे. पूर्वी हा भाग भातशेतीचा आणि गावतळ्यांचा होता. तमिळनाडू शासनाच्या औद्योगिक विकास महामंडळाने येथे मोठी औद्योगिक वसाहत उभारली आणि गावाचे रूप पालटले. २०१० साली रेनो आणि निसान या कंपन्यांचा मोटारींचा संयुक्त कारखाना येथे सुरू झाला. त्याच सुमारास टायरचा कारखाना आला. २०१२ साली मालमोटारींचा आणि २०१३ साली मोटारसायकलींचा कारखाना सुरू झाला. या मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारे अनेक लहान कारखानेही भोवती उभे राहिले. आज कामगारांना नेणाऱ्या कंपन्यांच्या बसगाड्या दूरदूरच्या खेड्यांपर्यंत जातात.

यांपैकी अनेक खेडी जुन्या कांचीपुरमच्या परिसरातील आहेत. तेथे कट्टैकूत्तू नावाची लोकनाट्याची परंपरा आहे. ‘कट्टै’ म्हणजे लाकूड आणि ‘कूत्तू’ म्हणजे नाट्य. या नाट्यातील राजे आणि वीर लाकडाचे, आरशांचे तुकडे जडवलेले मुकुट, बाहुभूषणे व छातीवरची आभूषणे घालतात. त्यावरून हे नाव पडले. याच कलेला ‘तेरुकूत्तू’, म्हणजे रस्त्यावरचे नाट्य, असेही म्हणतात. मात्र या नावात तुच्छता जाणवते, म्हणून अनेक कलावंतांनी ‘कट्टैकूत्तू’ हेच नाव स्वीकारले.

एका बाजूला रात्रभर चालणारा खेळ आणि दुसऱ्या बाजूला घड्याळाच्या काट्यावर चालणारी पाळी. या दोन्ही गोष्टी एकाच परिसरात आल्या, तेव्हा तेथील तरुण कलावंतांपुढे एक प्रश्न उभा राहिला. पूर्णवेळ कलेवर जगणे सोडून नोकरी धरावी काय? हा प्रश्न फक्त तमिळनाडूचा नाही. महाराष्ट्रातील तमाशाच्या फडांत आणि जुन्या नाटक मंडळ्यांतही तो अनेकदा विचारला गेला आहे. म्हणून त्याची उकल नीट करून घेणे उपयोगाचे आहे.

कूत्तूचा खेळ कसा चालतो

कट्टैकूत्तूचे खेळ मुख्यतः द्रौपदी अम्मनच्या देवळांच्या उत्सवांत होतात. हे उत्सव बहुधा उन्हाळ्याच्या महिन्यांत भरतात आणि दहा ते वीस दिवस चालतात. दिवसा महाभारताचे निरूपण होते आणि रात्री त्याच कथेतील एकेक प्रसंग रंगभूमीवर येतो. खेळ रात्री दहाच्या सुमारास सुरू होतो आणि उजाडल्यावर संपतो. दुर्योधनाच्या वधाचा प्रसंग तर सकाळी मोकळ्या जागेत, मातीच्या प्रचंड पुतळ्याजवळ केला जातो.

या नाट्यात संवाद, गायन, नृत्य आणि विनोद हे सर्व एकाच नटाला यावे लागते. साथीला मृदंग, ढोलक, पेटी, मुखवीणा आणि झांजा असतात. ‘कट्टियक्कारन’ नावाचे पात्र प्रेक्षकांशी थेट बोलते, राजाची थट्टा करते आणि कथा पुढे नेते. तमाशातील सोंगाड्याशी त्याचे नाते सहज लक्षात येते. परंपरेने स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करत आले.

अशा मंडळीत एक नट गैरहजर राहिला, तर त्याची जागा कोणालाही देता येत नाही. कर्णाची भूमिका करणाऱ्याला त्या रात्रीची सर्व पदे, त्यांची चाल, नृत्याची पावले आणि आयत्या वेळी संवाद वाढवण्याचे कसब लागते. हे कसब वर्षानुवर्षे रात्री जागून मिळालेले असते. म्हणून एका नटाने मंडळी सोडणे ही केवळ त्याच्या घरातली गोष्ट राहत नाही. त्याच्यासोबत मंडळीचे काही प्रसंगही थांबतात.

उत्पन्नाची बाजूही पाहिली पाहिजे. उत्सवांच्या दिवसांत नटाला जवळजवळ रोज काम असते. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस पडतो, तेव्हा खेळ मंदावतात. या दिवसांत कलावंतांना शेतमजुरी, विणकाम किंवा मिळेल ते काम करावे लागते. म्हणजे ज्यांना आपण पूर्णवेळ कलावंत म्हणतो, त्यांचे वर्षही खरे तर दोन तुकड्यांत विभागलेले असते.

पाळीचे गणित

कारखान्यात कामाचे तास ठरलेले असतात. कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे. साधारणपणे दिवसाचे तीन भाग पाडून पाळ्या लावल्या जातात आणि कामगारांच्या पाळ्या आळीपाळीने बदलतात. या आठवड्यात सकाळची पाळी, तर पुढच्या आठवड्यात रात्रीची, असे ते चक्र असते.

आता एखादा नट अशा कारखान्यात लागला, असे समजू. रात्रभर खेळ करून तो सकाळच्या पाळीला यंत्रासमोर उभा राहिला, तर डुलकी लागून हात जायबंदी होण्याची भीती असते. रात्रपाळी असेल, तर खेळाला जाताच येत नाही. साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या रात्री खेळ करता येईल. परंतु दहा-वीस दिवसांच्या उत्सवासाठी मंडळीला सलग हजर राहणारा नट हवा असतो. सुट्टीपुरता येणारा नट हळूहळू दुय्यम भूमिकांकडे सरकतो आणि पुढे बोलावणेच येत नाही. कोणी कोणाला काढलेले नसते. दोन वेळापत्रके एकमेकांत बसत नाहीत, एवढेच घडलेले असते.

महाराष्ट्रात काय घडले

मराठी मुलखातही व्यावसायिक कलावंतांवर असे प्रसंग आले. विसाव्या शतकाच्या आरंभी संगीत नाटक मंडळ्या भरभराटीत होत्या. १९०८ साली केशवराव भोसले यांनी ललितकलादर्श ही मंडळी स्थापन केली. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. मंडळीचे बिऱ्हाड गावोगाव फिरत असे. नट, गवई, साथीदार, पडदे रंगवणारे आणि आचारी या सर्वांचा उदरनिर्वाह मंडळीवर चाले. मग १९३१ साली भारतात पहिला बोलपट आला आणि १९३२ साली मराठी बोलपटही आला. प्रेक्षक तिकडे वळला. खर्चाचा बोजा पेलेनासा झाल्याने त्या दशकात एकेक मंडळी बंद पडत गेली. काही नट बोलपटांत गेले. ज्यांना ते साधले नाही, त्यांना दुसरा पोटापाण्याचा मार्ग शोधावा लागला.

यानंतर मराठी रंगभूमीने एक वेगळी वाट काढली. नाटक करणारी माणसे नोकरदार झाली. १९५४ साली राज्य नाट्यस्पर्धा सुरू झाली आणि हौशी संस्थांना दरवर्षी नाटक बसवण्याचे निमित्त मिळाले. कामगार कल्याण मंडळाच्या केंद्रांतून गिरणी कामगार नाटके करू लागले. कचेऱ्या आणि बँका यांतील कर्मचाऱ्यांची नाट्यपथके तयार झाली. दिलीप प्रभावळकर यांनी भाभा अणुसंशोधन केंद्रात नोकरी केली आणि नाटकातही काम केले. १९७२ साली रंगभूमीवर आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये नानांची भूमिका करणारे डॉ. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ होते आणि वैद्यकीय महाविद्यालयात शिकवतही होते.

हे साधले, त्यामागे एक महत्त्वाचे कारण आहे. शहरातील नाटकानेच आपले वेळापत्रक बदलले. पूर्वीची संगीत नाटके रात्रभर रंगत. नवे नाटक अडीच-तीन तासांत संपू लागले. तालमी कचेरी सुटल्यावर होऊ लागल्या आणि प्रयोग संध्याकाळी किंवा रविवारी लागू लागले. नोकरदाराच्या घड्याळाशी नाटकाचे घड्याळ जुळले. शिवाय हे कलावंत शिकलेले होते. त्यांच्या नोकऱ्या शहरात, ठरावीक वेळेच्या आणि बऱ्यापैकी सुरक्षित होत्या.

तमाशाच्या फडाला हे सोपे नव्हते. ढोलकीफडाचा तमाशा दसऱ्यापासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत गावोगावच्या जत्रांत फिरतो. पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे फडमालकांच्या राहुट्या पडतात आणि गावकरी तेथे येऊन सुपारी देतात. मोठ्या फडात कलावंत, वादक, तंबू उभारणारे आणि स्वयंपाकी मिळून शंभराच्या आसपास माणसे असतात. हंगामापूर्वी कलावंत फडमालकाकडून उचल घेतात आणि हंगामभर काम करून ती फेडतात. सात-आठ महिने गावाबाहेर राहणाऱ्या माणसाला नियमित नोकरी धरता येत नाही. नोकरी हवी असेल, तर फड सोडावाच लागतो. पण उचल फिटेपर्यंत फड सोडणेही अवघड असते.

कलेवरच राहिलेल्यांचे भवितव्य काय, हेही याच परंपरेने दाखवले आहे. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांनी अनेक दशके तमाशाची रंगभूमी गाजवली. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. तरीही २००२ साली निधन झालेल्या या थोर कलावतीची अखेरची वर्षे आर्थिक अडचणीत गेली. टाळ्या आणि पदके यांतून म्हातारपणाची तरतूद होत नाही, ही कटू गोष्ट त्यांच्या उदाहरणाने सर्वांच्या लक्षात आली. पुढे २०२० आणि २०२१ सालच्या करोनाच्या साथीत जत्रा बंद राहिल्या. महाराष्ट्रातील फड आणि तमिळनाडूतील कूत्तू मंडळ्या या दोहोंचा हंगाम बुडाला. अनेक कलावंतांनी तेव्हा मजुरी धरली. त्यांतील काही जण परत फिरलेच नाहीत.

काय मिळते, काय जाते

नोकरीमुळे प्रथम मिळते ते दर महिन्याचे ठरलेले वेतन. त्याशिवाय काही हक्कही मिळतात. भविष्य निर्वाह निधीत कामगाराच्या मूळ वेतनाच्या १२ टक्के रक्कम जमा होते आणि मालकालाही तेवढीच भर घालावी लागते. मूळ वेतन १५,००० रुपये असेल, तर दरमहा कामगाराचे १,८०० आणि मालकाचे १,८०० रुपये होतात. मालकाच्या हिश्श्यातील मोठा भाग निवृत्तिवेतन योजनेत जातो. ठरावीक मर्यादेच्या आत वेतन असणाऱ्या कामगाराला राज्य विमा योजनेचा लाभ मिळतो. त्यासाठी त्याच्या वेतनातून पाऊण टक्का रक्कम कापली जाते आणि कुटुंबाला औषधोपचार मिळतात. गावोगाव फिरणाऱ्या कलावंताच्या मागे असा कोणताही मालक नसतो.

तथापि, कारखान्यातली प्रत्येक नोकरी कायमची असते, असे मानणे चुकीचे ठरेल. औद्योगिक वसाहतींत अनेकांना ठेकेदारामार्फत किंवा प्रशिक्षणार्थी म्हणून घेतले जाते. ठरलेली मुदत संपली की काम सुटते. कारखान्यांना बहुधा तरुण माणसे हवी असतात. पस्तिशी ओलांडलेल्या नटाला दाराशी वेगळाच अनुभव येऊ शकतो. म्हणून नेमणूक कायम आहे की कंत्राटी, निधीचे खाते उघडले जाते की नाही आणि वेतन बँकेत जमा होते की हातात मिळते, या गोष्टी आधी विचारून घ्याव्या लागतात.

जे जाते, त्याचा हिशोब रुपयांत मांडता येत नाही. रात्रभर उंच स्वरात गाणारा गळा आणि जड आभूषणे घालून नाचणारे पाय सरावावरच टिकतात. चार-पाच वर्षांचा खंड पडला, की ते पूर्ववत होणे कठीण असते. गावात ज्याला लोक ‘अर्जुन’ म्हणून ओळखत होते, तो कारखान्यात एका क्रमांकाने ओळखला जातो. त्याच्या मुलांना घरात पदांचे सूर ऐकू येत नाहीत. लिखित संहितेपेक्षा तोंडी पाठांतरावर उभी असलेली कला एका पिढीच्या मौनाने तुटू शकते.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. कला टिकावी म्हणून एखाद्या कुटुंबाने उपाशी राहावे, असे म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. विशेषतः ज्यांनी तिकीट न काढता देवळासमोर बसून रात्रभर खेळ पाहिला, त्यांना तर मुळीच नाही. नट खेळ सोडून पाळीवर गेला, तर त्याने परंपरेशी द्रोह केला, असे म्हटले जाते. परंतु परंपरेचा आनंद साऱ्या गावाने घ्यायचा आणि तिचा भार एकट्या नटाने वाहायचा, हा न्याय नव्हे.

शाळेचा दाखला आणि कूत्तूचे धडे

या प्रश्नाच्या मुळाशी शिक्षण आहे, हे कांचीपुरमच्या कलावंतांनी लवकर ओळखले. १९५३ साली जन्मलेले पी. राजगोपाल हे नट, दिग्दर्शक आणि नाटककार वयाच्या दहाव्या वर्षापासून कूत्तूच्या रंगभूमीवर आहेत. त्यांनी आणि नेदरलँड्समधून आलेल्या अभ्यासक हान द ब्राउन यांनी इतर कलावंतांना सोबत घेऊन १९९० साली कट्टैकूत्तू संगम ही संस्था उभी केली. कूत्तूत येणारी मुले लहानपणीच शाळा सोडतात. पुढे कला सुटली, तर त्यांच्या हाती दाखला नसतो. हे टाळण्यासाठी संगमने २००२ साली पुंजरसनतांगल या गावी निवासी गुरुकुल सुरू केले. तेथे मुले नेहमीचे शालेय विषय आणि कूत्तूचे शिक्षण एकत्र घेत. पूर्वी केवळ पुरुषांच्या असलेल्या या कलेत येथे मुलींनाही प्रवेश मिळाला. रात्रभराच्या खेळाबरोबर कमी वेळाची नाटकेही येथे रचली गेली. ती शहरांतील रंगमंचांवर करता येत. २०२० साली हे गुरुकुल बंद झाले.

गुरुकुल बंद झाले, तरी त्यामागचा विचार उरतो. शिक्षणामुळे मूल कलेपासून दूर जाईल, अशी भीती अनेक कलावंत कुटुंबांना वाटते. वस्तुतः हातात दाखला असलेला कलावंत निवड करू शकतो. ज्याच्याजवळ तो नाही, त्याला निवड नसते. खेळ बुडाला, तर मजुरी हाच त्याचा एकमेव आसरा ठरतो. बहुतेक कारखान्यांत निदान दहावी किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे प्रमाणपत्र मागितले जाते. उत्तम स्मरणशक्ती, वेळेवर उभे राहण्याची शिस्त, चार माणसांबरोबर जुळवून घेण्याची सवय हे गुण नटाजवळ भरपूर असतात. पण दाखल्याविना ते दाखवण्याची संधीच मिळत नाही.

फिरत्या जीवनामुळे ज्यांची शाळा सुटली, त्यांच्यासाठी मुक्त शिक्षणाची सोय याच कारणाने मोलाची आहे. १९८९ साली राष्ट्रीय मुक्त विद्यालय स्थापन झाले. २००२ साली त्याला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था हे नाव मिळाले. येथे दहावीच्या प्रवेशासाठी किमान वय १४ वर्षे आहे. कमाल वयाची अट नाही. परीक्षा वर्षातून दोनदा होतात. सर्व विषय एकाच वेळी द्यावे लागत नाहीत. प्रवेश पाच वर्षांपर्यंत वैध राहतो आणि उत्तीर्ण झालेल्या विषयांचे गुण जमा होत जातात. उन्हाळ्यात फडाबरोबर हिंडणारा ढोलकीवाला उरलेल्या महिन्यांत अभ्यास करून हिवाळ्यापूर्वीच्या परीक्षेला बसू शकतो. हंगामावर जगणाऱ्या माणसाला अशीच शाळा उपयोगी पडते.

समाजाचा वाटा

कलावंतासाठी काही शासकीय योजनाही आहेत. महाराष्ट्र शासन वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मानधन देते. २०२४ साली ही रक्कम दरमहा ५,००० रुपये करण्यात आली. तमिळनाडूत २००७ साली लोककलावंतांसाठी कल्याण मंडळ स्थापन झाले. अशा योजनांत नाव नोंदवण्यासाठी कलेच्या कामाचे पुरावे लागतात. उत्सवाची पत्रिका, संस्थेचे पत्र, वृत्तपत्रातील बातमी असे कागद जपून ठेवण्याची सवय कलावंतांत अद्याप कमी आहे. नोकरी धरणाऱ्यानेही हे कागद टाकून देऊ नयेत.

गावकऱ्यांनाही काही करता येते. उत्सवाच्या तारखा लवकर ठरवल्या, तर नोकरी करणारा नट रजा मागू शकतो. ठरलेली बिदागी वेळेवर दिली, तर कलावंताला उचल घ्यावी लागत नाही. ज्येष्ठ नटांकडून पदे ध्वनिमुद्रित करून घेतली, तर एक माणूस पाळीवर गेल्याने ती विस्मरणात जाणार नाहीत. नोकरीत गेलेल्या नटाला एखाद्या रात्रीची प्रमुख भूमिका राखून ठेवता येते, किंवा मुलांना शिकवण्याचे काम त्याच्यावर सोपवता येते.

ओरगडमच्या रस्त्यावर पहाटे कंपनीच्या बसगाड्या धावू लागतात. उत्सवाच्या दिवसांत त्याच वेळी जवळच्या एखाद्या गावात कूत्तूचा शेवटचा प्रसंग चालू असतो. त्या बसमध्ये बसलेल्या कामगाराला दुर्योधनाची पदे पाठ असतील, तर ती पुन्हा म्हणण्याची जागा त्याला मिळेल की नाही, हे केवळ त्याच्या इच्छेवर अवलंबून नाही. त्याचे गाव उत्सवाची तारीख केव्हा ठरवते आणि त्याला बोलावणे धाडते की नाही, यावरही ते अवलंबून आहे.